धनभारित साखळ्या : केशप्रसाधनांतील बहुवारिके आणि त्यांची पेटंटे

केशप्रसाधनांचा इतिहास बहुधा जाहिरातींच्या आणि नटनट्यांच्या केशरचनांच्या आधारे लिहिला जातो. परंतु विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शाम्पू, कंडिशनर, हेअरस्प्रे आणि जेल यांचे अंतरंग ज्यांनी बदलून टाकले, त्या रसायनज्ञांची नावे अशा इतिहासात आढळत नाहीत. ती आढळतात पेटंट कार्यालयांच्या दप्तरात, तेही कंपनीच्या नावाखाली, आणि अशा भाषेत की जी वकिलाने वकिलासाठी लिहिलेली असावी असे वाटते. या दप्तराकडे रुक्ष म्हणून दुर्लक्ष करणे योग्य ठरत नाही, कारण केसांच्या रसायनशास्त्रातील काही मूलभूत गोष्टी प्रथम तेथेच नोंदल्या गेल्या आणि त्यांचा शास्त्रीय उलगडा पुष्कळदा मागाहून झाला. पेटंट मिळण्यासाठी वस्तू नवी, उपयुक्त आणि त्या क्षेत्रातील जाणकाराला सहज न सुचणारी असावी लागते आणि ती कशी बनवायची हे उघड करून सांगावे लागते. ती तशी का वागते हे सांगणे मात्र बंधनकारक नसते. या एका सवलतीमुळे केशप्रसाधनांचे शास्त्र उलट्या क्रमाने उभे राहिले.

या इतिहासाच्या केंद्रस्थानी बहुवारिके, म्हणजेच पॉलिमर, आहेत. एकाच किंवा दोन-तीन प्रकारचे लहान रेणू हजारोंच्या संख्येने एकमेकांना जोडले जाऊन जी लांबलचक साखळी तयार होते ती बहुवारिक होय. कापसातील सेल्युलोज आणि खुद्द केसांतील केराटिन ही निसर्गाने घडवलेली बहुवारिकेच आहेत. माणसाच्या केसाची जाडी साधारण ५० ते १०० मायक्रॉन असते आणि त्याचा पृष्ठभाग मंगळुरी कौलांप्रमाणे एकमेकांवर चढलेल्या चपट्या पेशींच्या सहा ते आठ थरांनी शाकारलेला असतो. या पृष्ठभागाचा एक गुणधर्म पुढील सर्व हकिकतीच्या मुळाशी आहे. ज्या आम्लतेला केसावरील धन आणि ऋण विद्युतभार एकमेकांना रद्द करतात ती सामू मोजपट्टीवर ३·७ च्या आसपास येते, आणि शाम्पू व नळाचे पाणी यांचा सामू त्याहून बराच वर असल्यामुळे धुतेवेळी केस नेहमी ऋणभारित असतो. केस ब्लीच केले किंवा रंगवले, तर त्यांतील गंधकाचे बंध ऑक्सिडीकरणाने तुटून आम्लगट निर्माण होतात आणि ऋणभार आणखी वाढतो. त्यामुळे धनभारित साखळी केसांवर सोडली, तर जेथे केस अधिक बिघडला आहे तेथे ती आपोआप अधिक प्रमाणात चिकटते. विक्रेत्यांनी 'दुरुस्ती' या शब्दाची जी उधळण केली आहे तिच्यातील खरा अंश एवढाच आहे.

केसांवर गाजलेले पहिले कृत्रिम बहुवारिक मात्र धनभारित नव्हते, आणि ते केसांसाठी जन्मालाही आलेले नव्हते. जर्मनीतील लुडविग्सहाफेन येथे आय. जी. फार्बेन या कंपनीत वाल्टर रेप्पे (१८९२–१९६९) हे दाबाखालील ॲसिटिलीनवर काम करीत होते. दाबाखालचे ॲसिटिलीन स्फोटक असल्यामुळे इतर रसायनज्ञ त्याच्या वाटेला जात नसत. रेप्पे यांनी त्याला काबूत आणून संयुगांची एक संपूर्ण शाखाच उघडली, आणि तिच्यातून जे निघाले त्यांत पॉलिव्हिनिल पायरोलिडोन, संक्षेपाने पीव्हीपी, हे पाण्यातही आणि अल्कोहोलमध्येही विरघळणारे बहुवारिक होते. १९३९ मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज झाला. त्याचा पहिला मोठा उपयोग युद्धात झाला : रक्तस्रावाने खालावलेल्या जखमी सैनिकांच्या शिरांत रक्तद्रवाचा पर्याय म्हणून 'पेरिस्टॉन' या नावाने त्याचे द्रावण सोडले जाई. घरोघरी जखमेवर लावले जाणारे तपकिरी पोव्हिडोन आयोडिन हे याच पीव्हीपीचे आयोडिनशी जुळलेले रूप आहे. फार्बेनशी संबंधित असलेली जनरल ॲनिलिन अँड फिल्म ही अमेरिकेतील कंपनी तेथील सरकारने १९४२ मध्ये शत्रूची मालमत्ता म्हणून ताब्यात घेतली होती, आणि युद्धानंतर हीच कंपनी अमेरिकेत पीव्हीपीची प्रमुख उत्पादक बनली.

ज्या डब्यातून पीव्हीपी केसांवर फवारले जाऊ लागले तो डबाही युद्धाचीच देणगी होता. अमेरिकी कृषी खात्यातील लाइल गुडह्यू आणि विल्यम सलिव्हन यांचे १९४३ चे पेटंट डासांच्या प्रदेशात लढणाऱ्या सैनिकांसाठी कीटकनाशक फवारणाऱ्या डब्याचे होते; रॉबर्ट ॲबप्लानाल्प यांच्या १९५३ मधील पेटंटाने त्याला स्वस्त आणि न गळणारी झडप दिली. अल्कोहोलात विरघळलेले पीव्हीपी केसांवर पडले आणि अल्कोहोल उडून गेले की मागे पातळ, पारदर्शक पापुद्रा राहतो आणि तो केसांना जागच्या जागी धरून ठेवतो. तथापि पीव्हीपी हवेतील बाष्प शोषून घेते, त्यामुळे दमट हवेत हा पापुद्रा चिकट होतो. (मुंबईच्या जुलै महिन्यात ते द्रावण वापरून पाहणाऱ्याला याचा वेगळा पुरावा लागला नसता.) यावर तोड म्हणून पाण्याला न जुमानणारे व्हिनिल ॲसिटेट त्याच साखळीत ओवण्यात आले, अशा मिश्र साखळीला सहबहुवारिक म्हणतात. पुढे आम्लगट असलेली सहबहुवारिके आली. त्या आम्लाचा किती भाग अल्कलीने उदासीन करायचा, यावर पापुद्रा दमट हवेत टिकेल की नाही आणि शाम्पूने निघेल की नाही, हे दोन्ही ठरत असे, आणि ही टक्केवारी पेटंटांच्या दाव्यांत मोठ्या काटेकोरपणे नोंदलेली असते. मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी १९७४ मध्ये फवाऱ्यातील क्लोरोफ्लुरोकार्बन वायू ओझोनचा थर नष्ट करतात असे दाखवून दिले, अमेरिकेने १९७८ मध्ये या वायूंचा फवाऱ्यांतील वापर बंद केला आणि पुढे कॅलिफोर्नियाने हेअरस्प्रेतील उडून जाणाऱ्या सेंद्रिय द्रव्यांवर आधी ८० आणि नंतर ५५ टक्क्यांची मर्यादा घातली. अल्कोहोलाच्या जागी पाणी घालणे भाग पडल्यावर जुनी बहुवारिके नीट चालेनात, आणि कायद्याच्या प्रत्येक कलमासरशी पेटंटांची नवी लाट उठली.

खरी क्रांती धनभारित साखळ्यांनी केली, आणि त्यांतील सर्वांत विलक्षण शोध फ्लोरिडा विद्यापीठातील जॉर्ज बटलर यांचा आहे. बटलर यांना केसांशी काही कर्तव्य नव्हते. पाण्यातील क्षार काढून घेणाऱ्या आयन-विनिमय रेझिनच्या शोधात असताना १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून ते ॲलिल गट जोडलेल्या चतुर्थक अमोनियम क्षारांच्या साखळ्या बनवून पाहत होते. नायट्रोजनच्या अणूला चार कार्बनी हात जोडले की त्यावर कायमचा धनभार येतो; अशा क्षाराला चतुर्थक म्हणतात, आणि ॲलिल हा दुहेरी बंध बाळगणारा तीन कार्बनांचा लहान गट आहे. त्या काळी हर्मान स्टाउडिंजर यांच्या कामामुळे असे मानले जाई की, ज्या रेणूत दोन दुहेरी बंध असतील तो दोन वेगवेगळ्या साखळ्यांत एकाच वेळी अडकतो, साखळ्या एकमेकींना बांधल्या जातात आणि कशातही न विरघळणारे जाळे तयार होते. बटलर यांना नेमके असे जाळेच हवे होते. तीन किंवा चार ॲलिल गट असलेल्या क्षारांनी ते दिलेही. पण दोन ॲलिल गटांच्या क्षारापासून जे बहुवारिक मिळाले ते पाण्यात मजेत विरघळले, आणि त्यात शिल्लक दुहेरी बंध जवळजवळ सापडेनात. दोन्ही बंध खर्ची पडले आहेत आणि तरीही जाळे झालेले नाही, या विसंगतीचे उत्तर बटलर यांनी आर. जे. अँजेलो यांच्यासह १९५७ मध्ये मांडले : साखळी वाढताना त्याच रेणूतील दुसरा बंध मागे वळून पहिल्याला जोडला जातो, एक कडे तयार होते आणि साखळी पुढे सरकते. या क्रियेला चक्रीय बहुवारिकीकरण असे नाव पडले.

या शोधावर आधारलेले बटलर यांचे अमेरिकी पेटंट, क्रमांक ३२८८७७०, नोव्हेंबर १९६६ मध्ये मंजूर झाले. त्यातील डायॲलिल डायमिथिल अमोनियम क्लोराइडचे बहुवारिक आज जलशुद्धीकरण केंद्रांत गढूळ पाणी निवळण्यासाठी वापरले जाते, कारण पाण्यात तरंगणारे मातीचे बारीक कण ऋणभारित असतात आणि धनभारित साखळी त्यांना गोळा करून तळाशी नेते. केसही ऋणभारित असल्यामुळे तेच द्रव्य केसांवर चालावे हे आज उघड वाटते, पण मातीच्या कणावरून केसापर्यंत जाण्याची उडी कोणीतरी घ्यावी लागली, आणि ती घेतली गेल्यावर हे बहुवारिक ॲक्रिलामाइडच्या जोडीने 'पॉलिक्वाटर्नियम-७' या नावाने शाम्पूंच्या बाटल्यांवर आले. ही नावापुढची संख्या रचनेविषयी काहीही सांगत नाही; ज्या क्रमाने बहुवारिके नामसूचीत दाखल झाली तो क्रम तेवढा ती दाखवते, आणि म्हणून ७ आणि पुढे येणाऱ्या १० यांच्यात रासायनिक नाते शोधत बसणे व्यर्थ आहे. बटलर यांच्या मांडणीत कडे सहा अणूंचे होते. १९७० च्या दशकात कार्बन-१३ वर आधारित चुंबकीय अनुस्पंदन तपासणीने दाखवले की ती कडी प्रामुख्याने पाच अणूंची आहेत. तोवर ते द्रव्य टनावारी विकले जात होते, आणि कड्यातील एका अणूच्या हिशेबाने त्याच्या व्यापारात काडीचाही फरक पडला नाही.

याच सुमारास युनियन कार्बाइडने, भारतीय वाचकाला भोपाळमुळे निराळ्याच आणि भीषण संदर्भात ठाऊक असलेल्या कंपनीने, सेल्युलोजवर धनभार चढवण्याचा मार्ग शोधला. फ्रेड स्टोन आणि जॉन रदरफोर्ड यांच्या नावे १९६९ मध्ये मंजूर झालेले पेटंट, क्रमांक ३४७२८४०, हे चतुर्थक नायट्रोजन असलेल्या सेल्युलोज इथरांचे आहे. 'पॉलिमर जेआर' या व्यापारी नावाने निघालेले हे द्रव्य पुढे पॉलिक्वाटर्नियम-१० झाले. शाम्पूत ते घालावे असे म्हणणे त्या काळी जाणकाराला खुळेपणाचे वाटले असते. शाम्पूतील फेस करणारे द्रव्य, म्हणजे सोडियम लॉरिल इथर सल्फेटसारखा पृष्ठसक्रिय पदार्थ, ऋणभारित असतो, आणि ऋणभारित साबणात धनभारित द्रव्य टाकले की दोन्ही एकमेकांना धरून गाळ बनतात, हा प्रयोगशाळेतील पहिल्या वर्षाचा धडा आहे. परंतु प्रॉक्टर अँड गॅम्बलचे जॉन पॅरन यांचे १९७१ चे पेटंट, क्रमांक ३५८०८५३, नेमक्या याच जोडीवर उभे आहे. पॅरन यांच्यापुढची अडचण व्यवहारातली होती : कोंड्यावरील औषध म्हणून शाम्पूत घातलेले झिंक पायरिथिओनचे कण फेसाबरोबर मोरीत वाहून जात, आणि जे डोक्यावर राहायला हवे तेच राहत नसे. धनभारित बहुवारिक अल्प प्रमाणात घातले की कण टाळूवर टिकतात, हे त्यांनी दाखवले आणि त्यावर दावा केला.

हे कसे घडते याचा उलगडा युनियन कार्बाइडच्याच प्रयोगशाळेत डेस्मंड गॉडर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकाच्या मध्यास केला. पॉलिमर जेआरच्या द्रावणात पृष्ठसक्रिय पदार्थ थोडा थोडा वाढवत नेला, तर आधी द्रावण स्वच्छ असते. साखळीवरील धनभार आणि पदार्थाचा ऋणभार समसमान होतात तेथे गाळ सर्वांत दाट होतो. आणि पदार्थ त्याहूनही पुष्कळ वाढवला की गाळ पुन्हा विरघळून द्रावण निवळते. बाटलीतील शाम्पू या शेवटच्या अवस्थेत असतो. डोक्यावर पाणी ओतले की पृष्ठसक्रिय पदार्थ विरळ होतो, द्रावण उलट दिशेने प्रवास करत गाळाच्या अवस्थेत येते, आणि बहुवारिकाने समृद्ध असा जेलीसारखा द्रव वेगळा होऊन केसांवर बसतो. या अलग होण्याला कोअसर्व्हेशन म्हणतात आणि ही संज्ञा डच रसायनज्ञ बुंगेनबर्ग डी योंग यांनी १९२९ मध्येच वापरात आणलेली होती. तात्पर्य, ज्या क्षणी शाम्पू धुऊन टाकला जातो त्याच क्षणी त्याचे दुसरे काम सुरू होते. धुण्याने काढून टाकणे आणि धुण्यानेच लावणे, अशा दोन परस्परविरोधी क्रिया एकाच बाटलीत कोंबण्याचे हे कौशल्य गेल्या शतकातील रसायनउद्योगाच्या सर्वांत चलाख युक्त्यांत मोडते, आणि एखादे औषध किंवा स्फोटक असते तर त्याची चर्चा कितीतरी अधिक झाली असती.

सिलिकोनची कथा याच युक्तीची पुढची पायरी आहे. सिलिकोन हे कार्बनाऐवजी सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचा कणा असलेले बहुवारिक. त्याचे तेल केसांना झुळझुळीत करते, पण शाम्पूत ते स्थिर राहत नाही, हळूहळू वेगळे होऊन वर येते. प्रॉक्टर अँड गॅम्बलचे ग्रोट आणि रसेल यांच्या १९८८ च्या पेटंटात, क्रमांक ४७४१८५५, यावरचा उपाय आहे : इथिलीन ग्लायकॉल डायस्टिअरेटसारख्या मेणचट पदार्थाचे बारीक स्फटिक शाम्पूत घडू दिले की त्यांच्या जाळीत सिलिकोनचे थेंब अडकून राहतात. शाम्पूला दिसणारी मोत्यासारखी झाक याच स्फटिकांची आहे; तिला ग्राहक श्रीमंतीची खूण समजतो, आणि ती प्रत्यक्षात टेकू आहे. शाम्पू आणि कंडिशनर एकाच बाटलीत देणारी, १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून जगभर पसरलेली उत्पादने या टेकूवर उभी होती. यात सिलिकोन नवे नव्हते, स्फटिकांचा पदार्थ नवा नव्हता आणि पृष्ठसक्रिय पदार्थ तर मुळीच नवा नव्हता. नवी होती ती तिघांची मांडणी. केशप्रसाधनांच्या पेटंटांत खरी कमाई रेणूवर मिळालेल्या हक्कापेक्षा अशा मांडणीवरच्या हक्कातून झाली, कारण रेणूचे पेटंट तेव्हाच्या अमेरिकी कायद्याप्रमाणे मंजुरीपासून सतरा वर्षांनी संपे (बटलर यांचे १९८३ मध्ये, स्टोन आणि रदरफोर्ड यांचे १९८६ मध्ये), परंतु मांडण्या मात्र एकीतून दुसरी निघत राहत.

भारतीय कायद्याने हा खेळ वेगळ्या नियमांनी चालवला. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांच्या १९५९ च्या अहवालावर आधारलेला पेटंट अधिनियम १९७० मध्ये संमत झाला आणि एप्रिल १९७२ पासून अमलात आला. त्याच्या पाचव्या कलमाने अन्न आणि औषधे यांच्याबरोबरच रासायनिक प्रक्रियेने तयार होणाऱ्या पदार्थांवरही पेटंट नाकारले. पेटंट मिळे ते फक्त बनवण्याच्या पद्धतीवर. या कलमामुळे भारतीय औषधउद्योग कसा वाढला याविषयी विपुल लिहिले गेले आहे, पण बहुवारिकेही त्याच तरतुदीत येत होती हे सहसा सांगितले जात नाही. २००५ च्या दुरुस्तीने, १ जानेवारी २००५ पासून, हे कलम गेले. तोवर ज्या धनभारित साखळ्यांची येथे चर्चा केली त्या सर्वांची मूळ पेटंटे परदेशांतही संपलेली होती, त्यामुळे रेणूवरचा हक्क भारतात मिळू लागला तेव्हा मागण्याजोगे मोठे रेणू फारसे उरले नव्हते.

उरल्या होत्या त्या मांडण्या, आणि तेथे तिसरे कलम आडवे येते. ज्ञात पदार्थाचा केवळ नवा उपयोग सापडणे हा शोध नव्हे, असे त्याचे ड पोटकलम म्हणते. कर्करोगावरील ग्लिव्हेकच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी याच पोटकलमाच्या आधारे पेटंट नाकारले, त्यामुळे ते गाजले. प्रसाधनांच्या संदर्भात अधिक महत्त्वाचे आहे त्याच्या शेजारचे इ पोटकलम : घटकांच्या गुणांची निव्वळ बेरीज होत असेल असे मिश्रण पेटंटपात्र नाही. शाम्पू हे मिश्रणच असल्यामुळे अर्जदाराला दोन घटक एकत्र आल्यावर बेरजेहून अधिक काही मिळते हे आकड्यांनी दाखवावे लागते. असे आकडे मिळवण्याची रीत साधी आणि कंटाळवाणी आहे. समान वजनाच्या केसांच्या बटा एका शाम्पूने, दुसऱ्या शाम्पूने आणि दोहोंतील घटक एकत्र केलेल्या शाम्पूने धुवायच्या, ओल्या बटेतून यंत्राच्या साह्याने ठरावीक वेगाने फणी ओढायची आणि तिला लागलेले बल मोजायचे. हेअरस्प्रे असेल तर कुरळी केलेली बट दमट पेटीत टांगून ती तासागणिक किती लोंबते याची नोंद ठेवायची.

या साऱ्यात भारताचा सर्वांत मोठा वाटा पेटंटांत नाही, शेतात आहे. राजस्थान, हरियाणा आणि गुजरात येथील कोरडवाहू जमिनीत पिकणाऱ्या गवारीच्या बियांतील डिंक, व्यापारातील ग्वारगम, याच्या जागतिक उत्पादनापैकी सुमारे ८० टक्के भारतात होते. हा डिंक गॅलॅक्टोमॅनन वर्गातला आहे, म्हणजे मॅनोज शर्करेची लांब साखळी आणि तिच्यावर साधारण दर दोन घटकांमागे लटकणारी एक गॅलॅक्टोज. तिच्यावर धनभारित गट बसवला की पॉलिक्वाटर्नियमच्या तोडीचे, नव्हे काही बाबतींत सरस, असे केशद्रव्य मिळते. महाराष्ट्रात गवार भाजीपुरती ओळखली जाते. पण भिजवलेली मेथी वाटून डोक्याला लावण्याची येथील घरांतली जी रीत आहे तिच्यातील बुळबुळीत द्रव्यही गॅलॅक्टोमॅननच असते, त्यात गॅलॅक्टोजचे प्रमाण फक्त अधिक, जवळजवळ एकास एक. मेथीची साखळी भाररहित असल्यामुळे केसावर तिची पकड नाही आणि पाण्याबरोबर तिचा बराच भाग निघून जातो. गवारीच्या साखळीवर चढवलेला धनभार ही उणीव भरून काढतो. मेथीच्या लेपावर कोणी भारतात दावा केलाच, तर परंपरागत ज्ञान पेटंटपात्र नाही असे सांगणारे तिसऱ्या कलमाचे प पोटकलम आहे. धनभारित गवारीला मात्र ते लागू पडत नाही, कारण तो भार परंपरेत नव्हता.

२०१२ मध्ये अमेरिकेत खडक फोडून वायू काढणाऱ्या विहिरींकडून ग्वारगमला मागणी वाढून त्याचे भाव गगनाला भिडले, तेव्हा शाम्पूवाल्यांनाही पेट्रोलियमजन्य साखळ्यांची आठवण झाली होती. सध्या वारे उलटे आहे. युरोपीय संघाने २०२० पासून धुऊन टाकायच्या प्रसाधनांत डी-४ आणि डी-५ या लहान कड्यांच्या सिलिकोनांवर ०·१ टक्क्याची मर्यादा घातली आणि २०२३ च्या नियमाने कृत्रिम बहुवारिकांच्या सूक्ष्म कणांना आळा घातला. या नियमातून पाण्यात विरघळणारी बहुवारिके वगळलेली आहेत. विरघळणे म्हणजे नाहीसे होणे नव्हे, आणि बटलर यांची साखळी निसर्गात सहजासहजी कुजत नाही. तरीही बंधनातून ती सुटली, कारण नियम कणांसाठी लिहिला गेला होता. आता दाखल होणाऱ्या अर्जांत गवार, स्टार्च आणि सेल्युलोज यांवरील भाराची घनता आणि साखळीची लांबी यांचे पट्टे आखून त्या पट्ट्यांवर हक्क मागितला जातो, आणि परीक्षकाला ठरवायचे असते की अमुक दोन आकड्यांच्या मधली जागा आधी कोणी व्यापलेली होती की नाही.